‘चर्चिल’ रणगाड्याचें जोडपत्रक : एक परीक्षण

दुसऱ्या महायुद्धांतील ‘चर्चिल’ या ब्रिटिश पायदळी रणगाड्याविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें रूढ आहेत. एक पक्ष त्यास बिघाडांचें आगर ठरवितो, दुसरा त्याच्या चिलखताचे पोवाडे गातो. पहिल्या पक्षाचा मुख्य आधार म्हणजे व्हॉक्सहॉल मोटर्स या कारखान्यानें आरंभींच्या गाड्यांच्या माहितीपुस्तिकेस जोडलेलें पत्रक. गाडींत दोष आहेत व ते आम्हांस ठाऊक आहेत. परंतु निकडीमुळें उत्पादन न थांबवितां आहे तशीच गाडी देण्याची आज्ञा आहे, दोष मागाहून काढले जातील, असा त्याचा आशय आहे.

स्वहिताविरुद्ध दिलेली साक्ष बळकट, हा दंडक येथें लागू पडतो. काळाचाहि तीस दुजोरा मिळतो. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्सचा पाडाव झाला. डंकर्कहून परतलेल्या सैन्यानें बहुतेक अवजड सामग्री मागें टाकली होती. अशा वेळीं हातीं घेतलेल्या कामांतून वर्षाच्या आंतबाहेर, १९४१ च्या मध्यास, गाड्या बाहेर पडूं लागल्या.

मात्र पत्रकाची साक्ष त्याच्या तारखेपुरतीच. पुढें पुष्कळ गाड्या परत नेऊन सुधारण्यांत आल्या. बुरुजांतील दोन पौंडी तोफेच्या जागीं तिसऱ्या प्रकारांत सहा पौंडी तोफ आली. १९ ऑगस्ट १९४२ रोजीं दिएप येथें उतरलेला एकहि रणगाडा परतला नाहीं, हें खरें. पण किनाऱ्यावरील गोटे व शहराच्या वाटांवरील काँक्रीटचे अडथळे यांचा हिशेब न धरतां तें अपयश यंत्राच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. एप्रिल १९४३ मध्यें ट्युनिशियांतील लाँगस्टॉप टेकडीची उभी चढण हेच रणगाडे चढून गेले. लांब पट्टे व प्रत्येक बाजूस अकरा लहान चाकें यांचा तेथें उपयोग झाला.

दुसऱ्या पक्षाचेंहि म्हणणें एकांगी आहे. समोरचें चिलखत १०२ मिलिमीटरांवरून सातव्या प्रकारांत १५२ वर गेलें खरें. पण सुमारें चाळीस टनांचें ओझें साडेतीनशें अश्वशक्तीच्या एंजिनावर होतें. ताशीं पंचवीस किलोमीटरांची त्याची चाल पायदळास पुरेशी, पाठलागास अपुरी. तोफेंतहि तो जर्मन प्रतिस्पर्ध्यांच्या मागेंच राहिला.

सारांश, पत्रक अविश्वसनीय नाहीं. त्यावरून सबंध युद्धाचा निवाडा करणें तेवढें चुकीचें आहे. संग्राहकांनीं अशी पुस्तिका हातीं आल्यास जोडपत्रक तिच्यापासून वेगळें होऊं देऊं नये. सदोष ठाऊक असलेल्या गाडींत शिपायांस बसविण्याचा निर्णय कोणत्या परिस्थितींत झाला, हें पुस्तिकेच्या इतर पानांवरून कळणार नाहीं.