निराशेची साक्ष : सामान्य प्रेक्षकाचा अभिप्राय आणि चित्रपटसमीक्षा

चित्रपटगृहातून बाहेर पडणारा प्रेक्षक जे बोलतो, त्याला समीक्षेच्या परिभाषेत स्थान नाही. 'छान होता', 'पैसे वसूल झाले', 'मध्यंतरानंतर रेंगाळला', 'शेवट नको होता' ही वाक्ये आस्वादव्यवहारात सर्वाधिक उच्चारली जाणारी, पण विचारात सर्वांत कमी घेतली जाणारी आहेत. समीक्षक त्यांच्याशी सामान्यतः दोन तऱ्हांनी वागतो. एक तर तो ती अप्रशिक्षित रुचीची लक्षणे मानून बाजूला सारतो, किंवा लोकप्रियतेचा पुरावा म्हणून त्यांची बेरीज करतो. पहिल्या पवित्र्यात अहंता आहे, दुसऱ्यात गल्ल्याचा हिशेब. अभिप्रायात नेमके काय सांगितले गेले, हे मात्र दोन्हींत ऐकले जात नाही. वस्तुतः असा अभिप्राय निवाडा म्हणून दुबळा असला, तरी साक्ष म्हणून मोलाचा असतो. त्यातही आवडीच्या साक्षीपेक्षा निराशेची साक्ष कलाकृतीच्या रचनेविषयी अधिक काही सांगते.

हा फरक मराठीच्या वाक्यरचनेतच दिसतो. 'मला चित्रपट आवडला' या वाक्यात प्रेक्षक चतुर्थीत आहे. क्रिया त्याच्या ठायी घडते, तो ती करीत नाही. आवडीचे कारण विचारले तर तो बहुधा तेच विधान वेगळ्या शब्दांत पुन्हा करतो. निराशेचे वाक्य मात्र 'माझी निराशा झाली' येथे थांबत नाही. ते सहजपणे 'चित्रपटाने निराशा केली' असे रूप घेते. चित्रपट तृतीयेत जातो, कर्ता होतो आणि जबाबदारही ठरतो. 'चित्रपटाने आवड केली' असे मात्र कोणी म्हणत नाही. कांटने 'सुखद' आणि 'सुंदर' यांत केलेला भेद रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) मराठी अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. सुखदाविषयीचे विधान बोलणाऱ्यापुरते असते. सुंदराविषयीचे विधान इतरांच्याही संमतीवर हक्क सांगते. सामान्य प्रेक्षकाची आवड पुष्कळदा पहिल्या पातळीवर समाधान पावते. त्याची तक्रार मात्र नकळत दुसऱ्या पातळीवर जाते, कारण तक्रारीतून 'मला' गळून पडते. कोणते तरी वचन दिले गेले होते आणि ते मोडले, असा तिचा आशय असतो.

प्रेक्षकाची साक्ष ग्राह्य धरण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार येतो. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या स्मितात, हास्यात, प्रशंसोद्गारांत आणि रोमांचात प्रकट होते. ज्या प्रयोगात गलका नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही आणि रंगमंडप भरलेला आहे, तेथे दैवी सिद्धी होय. आदर्श प्रेक्षकाच्या गुणांची लांबलचक यादी देऊन भरत हेही मान्य करतो की हे सारे गुण एका व्यक्तीत सापडत नाहीत. तरुणांना एक रुचते, शूरांना दुसरे, वृद्धांना तिसरे. सर्वज्ञ रसिकाची वाट न पाहता, प्रत्यक्षात समोर बसलेल्या संमिश्र समुदायाच्या प्रतिसादावर तो सिद्धीचा विचार उभा करतो, हे येथे महत्त्वाचे आहे.

भरताने प्रतिसादाची नोंद केली, तर अभिनवगुप्ताने प्रतिसाद अडतो कोठे याचे शास्त्र मांडले. 'अभिनवभारती'तील सात रसविघ्नांचा विचार एका अर्थी निराशेचीच मीमांसा आहे. 'हे काही पटत नाही' असे प्रेक्षक म्हणतो तेव्हा तो संभावनाविरहाकडे बोट दाखवीत असतो. 'काय चालले आहे तेच कळत नाही' ही स्फुटत्वाभावाची तक्रार आहे. 'नेमके कशाबद्दल आहे?' या प्रश्नात अप्रधानतेचे विघ्न सूचित होते. मात्र सातही विघ्ने कलाकृतीच्या पदरी टाकलेली नाहीत. प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखांनी विवश झालेला असणे, म्हणजे निजसुखादिविवशीभाव, हेही त्यांतील एक आहे. त्यामुळे निराशा ऐकल्यावर समीक्षेपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो विघ्न कोणत्या बाजूचे आहे, हा.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ची (२०१६) कसोटी या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठी चित्रपटांच्या कमाईचे तोवरचे विक्रम मोडणाऱ्या या चित्रपटाविषयी दोन तक्रारी वारंवार ऐकू आल्या. पहिला भाग रंगला पण दुसरा रेंगाळला, ही एक. आणि शेवट नको होता, ही दुसरी. या तक्रारी करणारे प्रेक्षक चित्रपट न आवडलेले नव्हते. पुष्कळांनी तो पुन्हा पाहिला. म्हणजे येथे आवड आणि निराशा एकाच अनुभवात नांदत होत्या आणि त्यांच्यातली सीमारेषा मध्यंतराची होती. मध्यंतर हे भारतीय प्रेक्षकाचे समीक्षेचे एकक आहे. समीक्षक प्रसंग आणि दृश्ये मोजतो, प्रेक्षक 'आधी' आणि 'नंतर' मोजतो.

पूर्वार्धाने दिलेले वचन प्रेमकथेचे आहे. अजय-अतुल यांच्या संगीताचा भर, मंदगतीतील दृश्ये, विहीर, शिवार, मित्रांची थट्टा ही सारी लोकप्रिय चित्रपटाची ओळखीची भाषा आहे. उत्तरार्धात आर्ची आणि परशा हैदराबादला पोहोचतात, तेव्हा ही भाषाच काढून घेतली जाते. उरते ती झोपडपट्टीतील खोली, रोजची मजुरी, संशय, भांडण आणि हळूहळू जमत जाणारा संसार. 'रेंगाळतो' या शब्दाने प्रेक्षक हा बदल अचूक टिपतो. त्याची साक्ष खरी आहे. गती खरोखरच बदलली आहे. चुकतो तो फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष.

निजसुखादिविवशीभावावर अभिनवगुप्ताने सांगितलेला उपाय येथे स्मरणीय ठरतो. गीत, वाद्य आणि रंगमंडपाची शोभा यांच्या योगे प्रेक्षक स्वतःच्या विवंचनांतून सुटतो आणि प्रयोगाशी समरस होतो, असे तो म्हणतो. 'सैराट'च्या पूर्वार्धातील संगीत हेच कार्य करते. पाटलाच्या मुलीने मासेमाराच्या मुलावर प्रेम करावे, असे सभागृहातील सर्वांनाच वाटू लागते. आपली जात घेऊन आलेला प्रेक्षक काही काळ ती विसरतो. परंतु हे वचन देतानाच चित्रपटाने त्याच्या मोडण्याची पूर्वसूचनाही दिलेली असते. वर्गात दलित प्राध्यापकाच्या थोबाडीत मारणारा आर्चीचा भाऊ पूर्वार्धातच भेटतो, आणि त्याच्या या कृत्याचे घरात कौतुक होते. संगीताच्या भरात तो प्रसंग नजरेआड होतो इतकेच. अखेरीस भेटवस्तू घेऊन आलेले नातलग परतलेले असतात आणि रक्तात पाय भरलेले मूल दाराबाहेर चालत जाते, तेव्हा ध्वनीच नाहीसा झालेला असतो. गाण्यांवर शिट्ट्या वाजविणारे सभागृह येथे गप्प होते. मानुषी सिद्धीकडून दैवी सिद्धीकडे जाणारा हा प्रवास भरताच्या परिभाषेत नेमका मांडता येतो. फरक एवढाच की येथे उत्पात पडद्यावर घडलेला आहे. ज्या विस्मरणात संगीताने प्रेक्षकाला नेले, त्यातून निःशब्दता त्याला बाहेर काढते. 'शेवट नको होता' हे वाक्य या कृतीच्या यशाचीच साक्ष देते.

परंतु याचा अर्थ अपेक्षाभंग म्हणजेच कलात्मक मूल्य असा नव्हे. हान्स रॉबर्ट याउसने १९६७ मध्ये मांडलेल्या 'अपेक्षांच्या क्षितिजा'च्या कल्पनेतून असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. 'सैराट'चेच हिंदी रूपांतर असलेला 'धडक' (२०१८) याची आठवण येथे पुरेशी आहे. शशांक खेतान यांच्या या चित्रपटाचे कथानक उदयपुरात घडते आणि त्यातील जातीचा संदर्भ पुसट होतो. शेवटी तरुण आणि मूल मारले जातात, तरुणी वाचते. हाही शेवट धक्कादायक आहे आणि त्यानेही पुष्कळांना निराश केले. मात्र येथे धक्क्याला पूर्वार्धात मुळे नाहीत. मूळ चित्रपट प्रेक्षकाने पाहिला होता एवढ्यावर ही निराशा अवलंबून नाही. हिंसेचे सामाजिक कारणच क्षीण झाल्यामुळे ती आगंतुक ठरते. हा संभावनाविरह होय. एका निराशेत चित्रपटाने जाणूनबुजून वचन मोडले आहे, दुसरीत ते पाळण्याचे वा मोडण्याचे सामर्थ्यच त्याच्याजवळ नाही. दोन्हीकडे प्रेक्षकाचे वाक्य मात्र एकच असते. भेद करण्यासाठी संहितेकडेच परतावे लागते.

तिसरी शक्यता चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) दिसते. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराला गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप असलेल्या लोकशाहिराचा खटला त्यात चालतो. उन्हाळी सुटीसाठी न्यायालय बंद होते, दिवे मालवतात, पडदा काळोखा होतो. चित्रपट संपला असे वाटत असतानाच तो न्यायाधीशांच्या सहलीसोबत पुढे सुरू होतो. 'निकाल तर लागलाच नाही' ही येथील प्रेक्षकाची तक्रार. येथे वचन चित्रपटाने दिलेलेच नाही. ते न्यायालयीन नाट्याच्या रूढ प्रकाराकडून प्रेक्षकाने उसने आणले आहे. तरीही तक्रार निरर्थक नाही. निकाल न लागणे हाच कथेतील आरोपीचा अनुभव आहे, आणि आपल्या कंटाळ्यातून प्रेक्षक त्याचा अल्पसा वाटेकरी होतो.

तात्पर्य, सामान्य प्रेक्षकाची निराशा तीन ठिकाणांहून येऊ शकते : कृतीने हेतुतः मोडलेल्या वचनातून, कृतीला न पेलणाऱ्या वचनातून आणि प्रेक्षकाने बरोबर आणलेल्या वचनातून. कोणते, हे प्रेक्षक सांगू शकत नाही; तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. साक्षीदाराने निवाडा द्यावयाचा नसतो. पण साक्षीदाराला न ऐकताच निवाडा देणारी समीक्षा अखेर स्वतःच्याच सुसंस्कृत आवडीचे समर्थन करीत राहते, आणि जेथे वचन मोडले ती जागा तिच्या नजरेतून निसटते. त्या साक्षीची उलटतपासणी करणे आवश्यकच आहे, कारण प्रेक्षकाच्या अपेक्षा निरागस नसतात. त्या जाहिरातींनी, रूढ कथानकांनी आणि त्याच्या सामाजिक स्थानाने घडविलेल्या असतात. 'शेवट नको होता' म्हणणाऱ्याला तो शेवट पडद्यावर नको होता की समाजात, हा प्रश्न समीक्षेने विचारला पाहिजे. तो विचारण्यासाठी मुळात त्याचे वाक्य नोंदवून घेणे भाग आहे.