'लिंबूटिंबू' : क्रीडाभाषा आणि छळाचा प्रतिबंध
मुलांमधील छळ सामुदायिक खेळमेळाव्यांनी थांबतो, हे गृहीतक मराठी क्रीडाभाषेवर घासून पाहण्याजोगे आहे. पकडापकडीतले 'राज्य' कुणावरही आले तरी फिरते राहते. छळात नेमके हे फिरणेच नाहीसे होते. 'लिंबूटिंबू'ची गोष्ट अधिक सूक्ष्म. लहानग्याला खेळात घेतात. तो बाद होत नाही, त्याच्यावर राज्यही येत नाही. ही माया होय. मात्र तेच नाव समवयस्काला चिकटले, की तो मैदानात असूनही डावाबाहेर राहतो. संयोजकांच्या (प्रामाणिक) हजेरीपटात त्याची उपस्थिती लागलेलीच असते. म्हणून मेळाव्याचे परीक्षण भिडूंच्या निवडीपासून करावे. दोन नायकांनी एकेक भिडू मागून घेण्याच्या रीतीत शेवटी उरणारे मूल बहुधा ठरलेले असते. तळहात उलटसुलट टाकून सुटण्याच्या रीतीत ते ठरलेले नसते.