रसिक नायकाचा की लेखकाचा?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यांत मांडण्यांवर लाकडी पॅटर्न रचून ठेवलेले असतात. प्रत्येकावर पार्टीचं नाव नाहीतर पार्ट नंबर रंगवलेला. भट्टी, वाळू, मनुष्यबळ सगळं कारखानदाराचं. पॅटर्न मात्र ज्याने काम दिलं त्याचा. त्यावरून परस्पर दुसऱ्याला माल ओतून द्यायचा नाही, हे कामावर नव्याने आलेल्या पोरालाही लवकरच कळतं, आणि त्यासाठी कायद्याचं पुस्तक कुणाला उघडावं लागत नाही. लोखंडाच्या बाबतीत इतकी पक्की असलेली ही जाण कथा, कादंबरी, नाटक, सिनेमा म्हटलं की ढिली पडते. लेखकाला न विचारता, किंवा तो हयात नसताना, त्याच्या पात्रांवर आणि कथानकावर नवं काही उभं राहतं तेव्हा आपला रसिक गप्प बसतो असं नाही. तो चिडतो, मोर्चे काढतो, फलक फाडतो. पण तो राग बहुतेक वेळा नायकासाठी असतो; ज्याने तो नायक शब्दांत घडवला त्या लेखकासाठी क्वचितच असतो. आपल्याकडच्या आधारित कलाकृतींची आजची अवस्था समजून घ्यायची तर या रागाची दिशा आधी पाहायला हवी.

'पानिपत'चं उदाहरण घ्या. विश्वास पाटील यांची कादंबरी १९८८ सालची. ६ डिसेंबर २०१९ रोजी त्याच नावाचा हिंदी चित्रपट आला. प्रदर्शनापूर्वी पाटील मुंबई उच्च न्यायालयात गेले. आपल्या कादंबरीतला मजकूर परवानगीशिवाय वापरला गेला, असा त्यांचा दावा होता. प्रदर्शन थांबलं नाही. इतिहास कुणा एकाच्या मालकीचा नसतो, हा अशा वेळी पुढे येणारा मुद्दा खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सांगून ठेवलं आहे की कल्पनेवर आणि विषयावर हक्क सांगता येत नाही, तो मांडणीवर सांगता येतो. तेव्हा दाव्यात कोण बरोबर होतं, हे इथे ठरवायचं कारण नाही. मला खटकतं ते वाचकांचं वागणं. तीन दशकं ज्या कादंबरीच्या आवृत्त्या घराघरांत पोचल्या, तिच्या वाचकांनी पुस्तक आणि पडदा शेजारी ठेवून कोणता प्रसंग दप्तरातला, कोणता लेखकाच्या कल्पनेतला, याची छाननी करायला हवी होती. तसं अपवादानेच झालं. त्याच चित्रपटाविरुद्ध राजस्थानात लोक रस्त्यावर उतरले ते महाराजा सूरजमल यांच्या चित्रणावरून, आणि त्या रेट्यापुढे निर्मात्यांनी चित्रपटातला भाग कापला. नायकासाठी उठलेल्या आवाजाने फिल्म कापली गेली. लेखकाची तक्रार मात्र बातमीपुरती उरली.

दुसऱ्या दोन चित्रपटांत परवानगीचा वाद नव्हता, तरी रागाची दिशा तीच राहिली. 'बाजीराव मस्तानी' (२०१५) हा ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर आधारलेला, तर 'छावा' (२०२५) आपल्या शेजारच्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर. दोन्ही लेखक २००२ साली गेले. पडद्यावर जे आलं त्यावर हो किंवा नाही म्हणायला ते नव्हते. वाद पेटले ते काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात यावरून, आणि संभाजी महाराज लेझीम खेळतात यावरून. लेझमीचं दृश्य प्रदर्शनापूर्वी काढलंही गेलं. महापुरुषांविषयी लोकांना जिव्हाळा असतो आणि त्यात गैर काही नाही. पण इनामदारांनी बाजीरावाच्या घरातला पेच किती संयमाने उलगडला होता, सावंतांची भारलेली भाषा संवादांत उतरताना तिचं काय झालं, हे प्रश्न त्या गदारोळात कुणाला सुचले नाहीत. लेखक नसताना त्याच्या वतीने बोलणारं वाचकाशिवाय दुसरं कोण असतं?

लेखकाच्या वतीने बोलण्याची ही जाण आपल्या परंपरेत नव्हतीच असं म्हणायला जागा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. पाठांतरात आणि नकलांत अनेकांच्या ओव्या मूळ ग्रंथात शिरल्या होत्या. त्या घालणारे ज्ञानेश्वरांचे वैरी नव्हते, भक्तच होते. तरीही एकनाथांनी बजावलं की जो या ग्रंथात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील. जवळपास तीनशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेल्या लेखकाच्या वतीने एका वाचकाने घेतलेली ही भूमिका आहे. तशीच प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटाची गोष्ट. त्यातला खलनायक सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो. प्रेक्षकाला त्याचा राग येतो, कारण अभंग कुणाचा हे त्याला शेवटच्या चरणातल्या मुद्रेवरून माहीत असतं. थोडक्यात, दुसऱ्याच्या शब्दावर आपलं नाव घालणारा माणूस ओळखायला मराठी प्रेक्षकाला कुणी शिकवावं लागलं नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो वजनदार आहे: आपली सगळी कलाच उसनवारीवर उभी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'सौभद्र' रंगभूमीवर आणलं ते महाभारतातल्या सुभद्राहरणावरून. चालींसाठी त्यांनी कीर्तन, लावणी आणि कानडी गाणंही आपलंसं केलं. व्यासांची परवानगी कोणी मागितली होती? नव्हती मागितली, आणि मागायची गरजही नव्हती. जे शतकानुशतकं सगळ्यांच्या तोंडी राहिलं ते सगळ्यांचंच असतं. शिवाय किर्लोस्करांनी घेतलं ते उघडपणे घेतलं, स्वतःच्या नावाने मांडलं आणि घेतलं त्याहून मोठं करून परत दिलं. विडंबनाचंही तसंच. अत्र्यांनी 'झेंडूची फुले'साठी कवींच्या संमत्या गोळा केल्या असत्या तर ते पुस्तक झालंच नसतं. पण विडंबन मूळ कविता झाकत नाही. ती वाचकाला आठवत असेल तरच ते रंगतं. हयात लेखकाचं पात्र घेऊन, त्याच्याच नावाच्या पुण्याईवर, त्याला अंधारात ठेवून पुढचा भाग काढणं हे या दोन्हींहून वेगळं आहे. 'डॉन किहोते'च्या लेखकावर, सर्व्हांतेसवर, हा प्रसंग आला. १६१४ साली आवेयानेदा या टोपणनावाने कोणीतरी त्याचा दुसरा भाग परस्पर छापला. सर्व्हांतेसने १६१५ साली स्वतःचा दुसरा भाग काढून त्या नकलेचा समाचार त्याच पुस्तकात घेतला, आणि पुढच्या चारशे वर्षांतल्या वाचकांनी निवाडा त्याच्या बाजूने दिला.

दुसरा आक्षेप असा की करार झाला, पैसे पोचले, मग रसिकाने कशाला बोलायचं? याचं सर्वांत चांगलं उत्तर 'सैराट'च्या चाहत्यांनी दिलं आहे. नागराज मंजुळे यांचा चित्रपट २०१६ चा. २०१७ मध्ये त्याचा कानडी अवतार 'मनसु मल्लिगे' आला, नायिका तीच, रिंकू राजगुरू. २०१८ मध्ये हिंदीत 'धडक' आला. हक्कांचा व्यवहार रीतसर झालेला होता. तरी 'धडक' पाहून मराठी प्रेक्षक नाराज झाला, आणि त्याची कारणं नेमकी होती. 'सैराट'चा कणा म्हणजे जात. उदयपूरला नेताना तोच मऊ केला गेला. शेवटही बदलला. मूळ चित्रपटात आर्ची आणि परश्या दोघंही मारले जातात आणि त्यांचं चिमुकलं मूल रक्तात पाय भरून, फरशीवर पावलं उमटवत बाहेर येतं. आवाज बंद असतो. 'धडक'मध्ये नायक आणि मूल मरतात, नायिका मागे राहते. ही हिंसा कुणाच्या घरातून येते आणि कुणाच्या दारात संपते, हे त्या छोट्या पावलांनी सांगितलं होतं. ती गेली आणि त्यांच्याबरोबर लेखकाचं म्हणणंही गेलं. प्रेक्षक चिडला तो या म्हणण्यासाठी. इतका शहाणा राग आपल्याकडे फार वेळा दिसलेला नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी'चे चित्रपटाचे हक्क दिले होते, तरी 'समय की धारा'त कथेची मोडतोड झाल्याचं सांगत त्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली तत्त्व मांडलं की हक्क विकल्यावरही कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ खालचा लेखकाचा विशेष हक्क उरतो. त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल असं विद्रूपीकरण करता येत नाही. सही झाली म्हणजे संमती संपली, असं कायदा मानत नाही. मग वाचकाने तरी का मानावं?

आता आपल्याकडचं. बेळगाव-निपाणी पट्ट्यात गणेशोत्सवात, यात्रेत नाटकं होतात, एकांकिका होतात. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रयोग केला तर कायदा सवलत देतो, आणि ती असायलाच हवी. सीमाभागात मराठी नाटक जिवंत राहिलं त्यात या हौशी मंडळांचा वाटा मोठा आहे. पण तिकीट लावायचं असेल, संहिता कापायची असेल, पात्राला नवा शेवट द्यायचा असेल, तर लेखकाला एक पत्र लिहायला काय हरकत आहे? नाट्यस्पर्धांत लेखकाचं संमतिपत्र मागतात, ते कागद पुरा करण्यासाठी मागतात असं समजू नये. आणि प्रेक्षकाने प्रयोगानंतर मंडळाला विचारावं: लेखकाला कळवलं होतं का?

पत्राची ही गरज कायमची नसते. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत संपल्यामुळे १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंवर कुणीही नवी कथा रचू शकतो. आता त्यांची राखण मुख्यतः वाचकांकडे आहे. 'तो मी नव्हेच'मधला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे मात्र अजून त्या रांगेत यायचा आहे. नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला, नाटककार अत्रे १३ जून १९६९ रोजी गेले, आणि त्यांच्या लेखनावरचा हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत चालतो. तोवर खुद्द निपाणीकरांनाही लखोबाला तिकीट लावून रंगमंचावर उभं करायचं असेल तर परवानगीचं पत्र लागेल.