सज्जनपणा आणि शासनमुक्ती

अराज्यवादाची चर्चा निघाली की आपल्याकडील सुशिक्षित मंडळी एका वाक्यात तिचा निकाल लावतात: माणूस मुळात चांगला असता, तर हे सारे शक्य होते. ह्याच आक्षेपास क्रॉपोटकिन ह्या रशियन विचारवंताने 1888 साली उत्तर दिले आहे. माणसे चांगली नसतील, तर राज्यकर्तेही त्याच मातीचे. मग त्यांच्या हाती इतरांवरील सत्ता देण्यात शहाणपण कोणते? खेद एवढाच की, अराज्यवादाचे चाहतेच हे उत्तर विसरून मनुष्यस्वभावाची वकिली करीत बसतात.

छत्रपती संभाजीनगरच्या वाचकांस जवळचे उदाहरण शनी शिंगणापूरचे. घरांना दारे नसलेले हे गाव मानवी सद्भावाचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. 2011 साली तेथे बँकेची शाखाही कुलुपाविना उघडली. पण चोरास शनिदेव शिक्षा करतो, ही गावाची श्रद्धा. चौथऱ्यावर एवढा कडक फौजदार अहोरात्र उभा असता तेथे शासन नाही असे कसे म्हणावे?

विनोबांच्या शासनमुक्तीचे प्रकरण इतके हलके नाही. 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीस भूमिहीन दलित कुटुंबांनी 80 एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी ह्यांनी 100 एकर देऊ केली. पोचमपल्ली व औरंगाबाद तेव्हा एकाच हैदराबाद राज्यात होती. तेलंगणातील सशस्त्र शेतकरी लढ्याची भीती ह्या दानामागे होती, असे टीकाकार म्हणतात. असेलही. पण भ्यालेला जमीनदार पोलीस बोलावतो. मागितल्याहून 20 एकर अधिक देत नाही. ते 20 एकर आम्ही चांगुलपणाच्या खाती जमा करतो.

मात्र पुढचा हिशेब पाहावा. देशभर 40 लाख एकरांहून अधिक दान जाहीर झाले. त्यांतील पुष्कळ जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली, आणि मोठा भाग वाटलाच गेला नाही. दाते सगळे लबाड होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. कोणता तुकडा द्यावयाचा हे दात्याने ठरवावयाचे असले, म्हणजे बऱ्या माणसाचा हातही आधी माळरानाकडे जातो. आणि ‘हा नको, तो द्या’ असे म्हणण्याचा अधिकार घेणाऱ्यास नव्हता. विनोबांनी हृदयपरिवर्तनावर भार टाकला, हृदयाने तो काही अंशी पेललाही. पण दुबळा सबळाच्या मर्जीवर राहिला तो राहिलाच. अराज्यवादाचे मूळ भांडण ह्या मर्जीशी आहे.

ग्रामदानाची कल्पना ह्या दृष्टीने अधिक पक्की, कारण तीत जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते. त्यासाठी महाराष्ट्र सरकारला 1964 साली कायदा करावा लागला, ही मौज आहेच. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा गावाने 2013 साली त्याच कायद्याखाली ग्रामदानाचा निर्णय केला. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसंमतीने होतात. एकाचाही विरोध असेपर्यंत चर्चा चालू राहते.