दोन बसून आणि संहितानिष्ठेचा प्रश्न

बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीच्या (१८०८) पहिल्या भागात दुसऱ्या विषयाची ललकारी दोन हॉर्न देतात. पुढे हाच मजकूर सी मेजरमध्ये परततो, तेव्हा मात्र स्वरलिपीत ती बसूनकडे सोपवलेली आहे. त्या काळच्या हॉर्नला झडपा नव्हत्या. ई फ्लॅटच्या हॉर्नवर ती इथे तशीच निघणे शक्य नव्हते. झडपांचा हॉर्न रूढ झाल्यावर अनेक वृंदसंचालकांनी ती पुन्हा हॉर्नकडे दिली. बीथोव्हनला हॉर्नच हवा होता, वाद्याने त्याला अडवले, हा त्यांचा युक्तिवाद.

साहित्यसमीक्षेला तो अपरिचित नाही. संहिता लेखकाच्या हेतूला उणी पडली तर वाचकाने ती पुरी करावी, हे त्यातील गृहीतक. नेल्सन गुडमनने १९६८ साली उलट टोक गाठले: एक स्वर चुकला तरी तो प्रयोग त्या कृतीचा राहत नाही, लयवाचक शब्द मात्र अंकनाबाहेरचे, म्हणून ‘अ‍ॅलेग्रो’ कसाही वाजवला तरी कृती तीच. फुर्टव्हेंग्लरचा भार आणि कार्लोस क्लायबरचा ताणलेला वेग ऐकलेल्या कानाला ही वाटणी पटणे अवघड आहे.

हेतूच्या आधारे बसूनचा प्रश्न सुटत नाही. ‘एरोइका’च्या पहिल्या भागात बीथोव्हनने एका हॉर्नवादकाला मध्येच नळी बदलून एफमध्ये वाजवायला लावले आहे, म्हणजे उपाय त्याला ठाऊक होता. (पाठचिकित्सेतही सुघट पाठापेक्षा दुर्घट पाठ ग्राह्य मानतात.) परंतु निर्णायक पुरावा रचनेतच आहे. सी मेजरचा खरा उदय चौथ्या भागात होतो. ट्रॉम्बोन, पिकोलो आणि काँट्राबसून तिथे प्रथमच वाजतात. दुसऱ्या भागातील ट्रम्पेट त्याची चाहूल देतात, तीही क्षणभरच. पहिल्या भागातच हॉर्नने ही ललकारी भरघोस दिली, तर तो उदय आधीच खर्ची पडतो. बसूनच्या घोगऱ्या, काहीशा अपुऱ्या नादात सी मेजर उच्चारला जातो, पण मिळत नाही. ज्याला उणीव म्हणून दुरुस्त केले गेले, तोच इथला अर्थ आहे.

जुन्या वाद्यांचा आग्रह धरणाऱ्या गार्डिनरप्रभृतींनी बसून राखला. मात्र त्या पंथाचे समर्थन मुख्यतः इतिहासाचे. निर्णय योग्य, कारण तोकडे. बसूनला हॉर्नची जोड देण्याची तडजोडही काही संचालक करतात. तिच्यात बसून बुजतो आणि हॉर्नचा विजयही अर्धाच राहतो.