हाताची रेषा आणि यंत्राची गणना : सचेतन चित्रपटाच्या गुणवत्तेचा प्रश्न

हाताने रेखाटलेल्या सचेतन चित्रपटाची सर संगणकावर सिद्ध केलेल्या चित्रपटास येते काय, हा प्रश्न गेली तीस वर्षे चर्चिला जात आहे. परंतु ज्या रूपात तो मांडला जातो त्या रूपात त्याचे उत्तर देता येणे शक्य नाही. 'हाताने केलेले' या विशेषणात दोन भिन्न मूल्ये एकत्र आलेली आहेत आणि वादातील दोन्ही पक्ष त्यांची गल्लत करतात. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातील वाल्मीकिरामायणाची प्रत जतन केलेली आहे. त्या प्रतीपुढे मस्तक नम्र होते ते हस्ताक्षरामुळे. पण रामायणाच्या पाठाची चिकित्सा करावयाची झाल्यास अभ्यासक तीच प्रत इतर प्रतींच्या पंक्तीस बसवून पाहील. हस्ताक्षराचे मोल निराळे आणि पाठाचे मोल निराळे. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हजारो चित्रे हातांनी रंगविली गेली, या श्रमाबद्दलचा आदरच पुष्कळदा गुणवत्तेचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. श्रमाचा आदर जरूर व्हावा; परंतु तो कलेचा निकष नव्हे.

निकष शोधावयाचा तर जुन्या पद्धतीत हात नेमका कोठे कोठे राबत होता हे पाहिले पाहिजे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकच चित्र दोन चौकटींना पुरविले, तरी दहा मिनिटांच्या पटास ७,२०० चित्रे लागतात. यांतील हालचालीच्या मुख्य स्थिती प्रमुख चित्रकार रेखाटी, त्यांच्या मधली चित्रे साहाय्यक भरून काढीत. नंतर ती सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर गिरविली जात, रंगविली जात आणि शेवटी कॅमेऱ्याखाली एकेक करून टिपली जात. संगणकाने प्रथम हिरावून घेतले ते गिरविण्याचे व रंगविण्याचे काम. डिस्नेच्या 'द रेस्क्यूअर्स डाउन अंडर' (१९९०) या पटात ते संपूर्णपणे संगणकावर झाले. हस्तरेखित पटाचा आदर्श म्हणून ज्याचे नाव आजही आवर्जून घेतले जाते तो 'द लायन किंग' (१९९४) याच रीतीने रंगला होता, आणि त्यामुळे त्याचे काही उणावले अशी तक्रार कोणा रसिकाने केल्याचे दिसत नाही. तेव्हा रंगापुरता हा वाद केव्हाच निकालात निघालेला आहे.

खरा तंटा मधल्या चित्रांचा आहे. जळगावच्या केळीच्या बागेत घड उचलून खांद्यावर घेणारा मजूर ही एक साधी क्रिया घ्यावी. घड जमिनीवर आहे ही पहिली स्थिती आणि तो खांद्यावर आहे ही शेवटची. या दोन स्थिती संगणकास दिल्या, तर मधली पन्नास चित्रे तो निमिषार्धात गणिताने काढून देईल. आणि त्या पन्नासांपैकी एकाही चित्रात घडाला वजन असणार नाही. कारण वजन दिसते ते उचलण्यापूर्वी वाकणाऱ्या गुडघ्यात, क्षणभर मागे झुकणाऱ्या कमरेत, घड खांद्यावर टेकल्यावर एक पाऊल अडखळण्यात. या गोष्टी दोन टोकांच्या दरम्यान सरळ वाटेवर पडत नाहीत. त्या कोणीतरी पाहिलेल्या असाव्या लागतात. मधली चित्रे काढणारा साहाय्यक हा नकलनवीस नव्हता तो एवढ्यासाठीच. अर्थात संगणकालाही हे सारे सांगता येते. वेग कोठे मंदावावा, वळण कोठे घ्यावे, हे चित्रकाराने ठरवून दिले की तो निमूटपणे तसे करतो. पण ठरविणारा हवा. गणनेने दिलेले तसेच स्वीकारण्याचा मोह हा यंत्राचा दोष नव्हे, वापरणाऱ्याचा आळस होय. आणि स्वस्त मालिकांच्या बाजारात या आळसालाच वेतन मिळते, हेही नमूद करावयास हवे.

हाताने केलेले सर्वच सकस होते, असेही नाही. अमेरिकेतील दूरदर्शन मालिकांत एके काळी सारे शरीर दगडासारखे स्थिर ठेवून केवळ ओठ आणि एखादा हात हलविण्याची काटकसर सर्रास चाले. ती चित्रेही हातांनीच काढलेली होती! उलट, दादासाहेब फाळके यांच्या १९१५च्या सुमाराच्या 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्याच हातांनी सरकवून टिपल्या होत्या. तेथे रेषेचा प्रश्नच नव्हता; होता तो हालचालीविषयी घेतलेल्या निर्णयाचा.

आपल्याकडील परंपरेचे मूळही याच निर्णयाच्या शिक्षणात आहे. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागास शिकविण्यासाठी डिस्नेकडील क्लेअर वीक्स आले आणि १९५७ साली 'द बनियन डिअर' हा पट तयार झाला. (तो जातककथेवरचा, खानदेशच्या वाचकास येथे शेजारचे अजिंठा आठवल्यावाचून राहणार नाही.) त्या शाळेतून राम मोहन (१९३१–२०१९) बाहेर पडले. जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्याबरोबर त्यांनी केलेला रामायणावरील चित्रपट सेल्युलॉइडवर हातांनी रंगविलेला होता. २०२५च्या जानेवारीत भारतीय चित्रगृहांत तो पुन्हा आला तेव्हा प्रेक्षकांनी तो पाहिला संगणकीय प्रक्षेपणातून. हाताचे आणि यंत्राचे असे सोवळेओवळे कोठवर पाळावयाचे?

या प्रश्नाचा सर्वांत बोलका पुरावा गीतांजली राव यांच्या दोन कृतींत मिळतो. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या या चित्रकर्तीचा 'प्रिंटेड रेनबो' (२००६) हा सुमारे पंधरा मिनिटांचा पट त्यांनी स्वतः रंगविलेल्या चित्रांतून उभा राहिला आहे. एकाकी वृद्धा, तिचे मांजर आणि तिने जमविलेल्या आगपेट्या एवढाच त्याचा ऐवज. (फाळक्यांच्या काड्यांनंतर नव्वद वर्षांनी या पेट्या याव्यात, हा एक गमतीचा योगायोग.) 'बॉम्बे रोज' (२०१९) हा पूर्ण लांबीचा पट मात्र अनेक चित्रकारांनी संगणकाच्या पडद्यावर रंगविला, पण चौकटीमागून चौकट, हातानेच. दोन्ही पट शेजारी ठेवून पाहिले असता रंगांच्या पोतात दुसरा पहिल्याच्या मागे नाही. वास्तवातली गर्दीची मुंबई लघुचित्रांसारख्या स्वप्नसृष्टीत विरघळते ते प्रसंग तर अपूर्वच म्हटले पाहिजेत. उणीव जाणवते ती पात्रांच्या चालण्या-वळण्यात. तेथे हालचाल कधी कधी तुटक, पुरेशा मध्यचित्रांवाचून राहिलेली वाटते. परंतु ही उणीव साधनाची नसून वेळाची आणि मनुष्यबळाची आहे. कागदावरही ती अशीच राहिली असती.

हस्तरेखनाच्या कैवाऱ्यांचा एक मुद्दा यानंतरही उरतो. कागदावरील रेषा चित्रागणिक किंचित थरथरते, आणि त्या थरथरीत जिवंतपणा असतो. हे निरीक्षण खरे आहे. संगणकावर ही थरथर कृत्रिम रीतीने आणता येते. परंतु नव्या कापडास मुद्दाम ठिगळ लावावे तसला तो प्रकार होतो. अनुकरण करूनही बरोबरी साधत नाही अशी एक जागा येथे निश्चित आहे, आणि ती मान्य करण्यात संगणकाच्या पुरस्कर्त्यांना कमीपणा वाटण्याचे कारण नाही. त्या थरथरीची नक्कल करण्याऐवजी पडद्यावर प्रत्यक्ष हाताने रेखाटले, तर ती आपोआपच येते.

मोठी हानी कृतीत नव्हे, शिक्षणात झाली आहे. वर्षानुवर्षे मधली चित्रे काढणे हेच साहाय्यकाचे विद्यालय होते. ते काम गणनेकडे गेले आणि शिकण्याची ती पायरी निखळली. उलटपक्षी साधनांची दूरता संपली, हा लाभही लहान नव्हे. चाळीसगावचे कैकी मूस (१९१२–१९८९) मुंबईपासून दूर, एका घरात राहून, टेबलावर साध्या वस्तू मांडून आणि प्रकाश योजून विशाल निसर्गदृश्याचा आभास छायाचित्रात निर्माण करीत. यंत्राने टिपलेले म्हणून त्या चित्रांना कोणी हीन लेखीत नाही, कारण कळ दाबण्यापूर्वीच सारे ठरलेले असे. परंतु कॅमेऱ्यापुढे एकट्याने वस्तू मांडणे शक्य होते. सचेतन चित्रपटासाठी सेल्युलॉइडचे गठ्ठे, चित्रणाचे मंच आणि माणसांचा ताफा लागे, आणि तो मुंबई-पुण्याबाहेर दुर्मीळच होता. जपानच्या जिब्ली चित्रसंस्थेत वापरल्या गेलेल्या 'टून्झ' या प्रणालीची मुक्त आवृत्ती २०१६ पासून विनामूल्य मिळते. जळगाव वा धुळ्याच्या विद्यार्थ्यास ती घरच्या संगणकावर चालविता येते. ती चालविण्यास काही आठवडे पुरतात. घड उचलणाऱ्या मजुराचा गुडघा केव्हा वाकतो हे वहीत टिपण्यास मात्र बागेतच जावे लागते, आणि अभ्यासक्रमात त्या वहीसाठी किती तास राखून ठेवले आहेत, हे ललितकला शिकविणाऱ्या विभागांनी प्रथम तपासावयास हवे.