दुसऱ्या फेरीची लायकी

शेवटचा बॉस पडला, नावांची यादी सरकली, की मेनूत ‘न्यू गेम प्लस’ उघडतो. शस्त्रं तुमचीच, लेव्हल तीच, शत्रू तेवढे दणकट. १९९५च्या ‘क्रोनो ट्रिगर’ने रूढ केलेली ही सोय आजच्या अॅक्शन आरपीजींनी गृहीत धरली आहे आणि बहुतेकांनी ती उरकून टाकली आहे. ‘विचर ३’सारख्या कसदार गेममध्येही दुसऱ्या फेरीत राक्षस तेच, फक्त त्यांचे आकडे फुगवलेले. याच स्टुडिओने २०११च्या ‘विचर २’मध्ये रोशची बाजू घ्यायची की योर्वेथची, यावर अख्खा दुसरा अंक फिरवला होता. एकदाच खेळणाऱ्याला त्यातला एक रस्ता दिसतच नाही. एवढ्या मेहनतीचं काम झाकून ठेवायला काळीज लागतं.

‘डायाब्लो २’ (२०००) लोक वर्षानुवर्षं का खेळले, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे लूट आणि दरवेळी नव्याने मांडली जाणारी तळघरं. मला ते अर्धंच पटतं. भिंती इकडच्या तिकडे झाल्याचं नावीन्य लवकर विरतं. खरी मेख स्किल ट्रीत होती. सॉर्सरेसचे पॉइंट्स बर्फाच्या विद्येत घातले की घातले. आग चालवून बघायची तर नवी सॉर्सरेस, अगदी पहिल्या छावणीपासून. ते परत घेण्याची सोय २०१०च्या १.१३ पॅचने दिली. ‘डायाब्लो ३’ने (२०१२) तर स्किल्स फुकटात, हवी तेव्हा बदलू दिली. खेळाडू सुखावला, पण त्याच क्लासचं दुसरं पात्र काढायला त्याच्याकडे कारण उरलं नाही. ‘पाथ ऑफ एक्झाइल’ दर काही महिन्यांनी नवी लीग काढून सगळ्यांना शून्यावर आणतो. त्याचा अवाढव्य पॅसिव्ह ट्री ते ओझं पेलतो. ‘डायाब्लो ४’चे सीझन मात्र मला हजेरीपटासारखे वाटतात.

‘डार्क सोल्स’ (२०११) यापैकी काहीच करत नाही. नकाशा तोच, शत्रू त्याच कोपऱ्यात. सुरुवातीच्या भेटवस्तूंत एक ‘मास्टर की’ असते. नवख्याला तिचं मोल कळत नाही. दुसऱ्या फेरीत कळतं. न्यू लोंडोतून ड्रॅगनांच्या दरीत उतरायचं आणि ब्लाइटटाउनमध्ये मागच्या बाजूने शिरायचं. डेप्थ्सचं ते किळसवाणं गटार पूर्ण टळतं. दार पहिल्यापासून तिथेच होतं. दिग्दर्शक मियाझाकींनी वाट आखतानाच ती ओळखणारा खेळाडू गृहीत धरला होता.

योको तारो यांच्या ‘निअर’ने (२०१०) हीच जाण खेळाडूवर उलटवली. दुसरी फेरी कथेच्या मध्यावरून सुरू होते, लढाया त्याच, पण आता छायांची, म्हणजे ज्यांना मारत आलो त्या शत्रूंची, भाषा कळू लागते. भंगारखान्यातला यंत्रमानव आणि त्याच्यासोबतची छोटी छाया पहिल्यांदा नुसता बॉस असतो; आता ते आईविना राहिलेलं पोर आणि त्याचा सवंगडी. तलवार चालवायची बटणं तीच, हात मात्र रेंगाळतो. एवढं साधल्यावर पुढच्या शेवटांसाठी झाडून सगळी शस्त्रं गोळा करायला लावणं ही शुद्ध वेठबिगारी. २०२१च्या नव्या आवृत्तीने आणखी एक शेवट जोडला, ती सक्ती मात्र जशीच्या तशी ठेवली.